ध्रुवीय संवर्धनकामासाठी हलकं हेलिकॉप्टर निवडताय? या चुका टाळा

सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर उंदीर पोचले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा त्यांनी फडशा पाडला. २०११, २०१३ आणि २०१५ या हंगामांत बोल्को बीओ-१०५ जातीच्या हेलिकॉप्टरांतून तिथे विषारी गोळ्या टाकल्या गेल्या. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. अशा कामासाठी यंत्र निवडताना पुढच्या चुका महागात पडतात.

हुकाचा आकडा पाहून भुलणं. हेलिकॉप्टरच्या पोटाखालचा, ओझं टांगायचा हूक किती वजन पेलतो, यावरून प्रत्यक्ष किती माल उचलता येईल ते कळत नाही. कमाल वजन २,५०० किलो असलेलं यंत्र घ्या. सामानासकट रिकामं वजन १,४००, थंड पाण्यात जीव वाचवणाऱ्या सूटसह वैमानिक १००, तग धरण्याचं साहित्य ६०, ३०० लिटर इंधन म्हणजे २४० किलो. उरले ७००. गोळ्या पसरवणारी खाली टांगलेली बकेट आणि तिचा दोर यांचे १३० गेले की गोळ्यांसाठी ५७० किलो राहतात. हिमनद्यांवरून कोसळणाऱ्या वाऱ्यासाठी त्यातूनही राखीव ताकद सोडावी लागते. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय करार करूच नका. फेऱ्या वाढल्या की हवामान उघडलेले मोजके तास संपतात, गोळ्या टाकायचे पट्टे अर्धवट राहतात, आणि चुकलेल्या एका पट्ट्यात उंदरांची एक जोडी वाचली तरी सगळी मेहनत वाया जाते.

ध्रुवीय अस्वलांना भूल देण्याचं काम वेगळं. तिथे ओझ्यापेक्षा बाजूचं दार उघडून उडण्याची परवानगी आणि कमी उंचीवरची चपळाई पाहा.

इंधनाचा विचार शेवटी करणं. रॉबिन्सन आर-४४ हे पिस्टन इंजिनाचं हेलिकॉप्टर स्वस्त पडतं, पण त्याला अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लागतं. ध्रुवीय तळांवर साठा बहुधा जेट इंधनाचा असतो. त्यामुळे त्यावर चालणारं टर्बाइन इंजिनच घ्या. जेट ए-१ या नेहमीच्या जेट इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश आहे. पण त्यातलं पाणी त्याच्या कितीतरी आधी गोठून फिल्टर तुंबवतं. पाणी गोठू न देणारं गोठणरोधक रसायन ०.१० ते ०.१५ टक्के, तेही इंधन भरतानाच मिसळा. पिंपाच्या तळाचं इंधन कधीच ओढू नका.

पैसे वाचवायला एकच इंजिन. बर्फाळ समुद्रावरून रोज ये-जा असेल तर दोन इंजिनं हवीत. एक बंद पडल्यावर ओझं सोडून देऊन किनारा गाठता येतो का, हे यंत्राच्या माहितीपुस्तकातल्या त्या वजनाच्या तक्त्यात तपासा.

बर्फाला थंडीचाच भाग समजणं. बहुतेक हलक्या हेलिकॉप्टरांना पात्यांवर बर्फ धरणाऱ्या ढगांत उडण्याची मान्यताच नसते. भुरभुरणारा हिमही वाईट: इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाशी साचतो, मग ढेकूळ आत ओढलं जातं आणि इंजिन विझतं. हिमरोधक कवच बसवता येतं का, आधी विचारा. सुरू करण्यापूर्वी आतपर्यंत हात घालून तोंड तपासा.

सकाळी सुरू करताना इंजिन जास्त तापतंय? दोष बहुधा थंड बॅटरीचा असतो. फिरणं मंद, हवा कमी, म्हणून तापमान उसळतं. बॅटरी रात्री उबदार खोलीत ठेवा, इंजिन व गिअरबॉक्स गरम हवेने शेकून घ्या, आणि पुस्तकात दिलेला वेग गाठल्याशिवाय इंधन सोडू नका. उणे ४० च्या खाली पातळ तेल लागतं.

यंत्रं दोन घ्या, आणि एकाच जातीची. सुटे भाग एकमेकांना लागतात, आणि पहिलं अडकलं तर सुटकेला दुसरं जातं.

अंटार्क्टिकात पक्ष्यांच्या वसाहतींवरून ६१० मीटरपेक्षा खाली उडू नये आणि ९३० मीटरच्या आत उतरू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्या वळशाचं इंधन वरच्या हिशेबात धरा.