करसवलती बदलल्या की पगारात नेमके काय बदलते : गोव्यातील नोकरदारांसाठी हिशेबाची पद्धत

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य वेर्ण्याच्या कारखान्यांपासून पर्वरीच्या सचिवालयापर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागले. प्रत्यक्षात कोणाच्या पगारात महिन्याला चार हजारांची भर पडली, तर कोणाच्या पगारात एक रुपयाही वाढला नाही. हा फरक का पडतो, हे पगारपत्रक समोर ठेवून पाहता येते. पुढील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे असून कलमे १९६१ च्या आयकर अधिनियमातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम लागू होत असल्याने त्यानंतर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. भत्ता मिळणे आणि भत्ता करमुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक सवलती नाहीत; जुन्या पद्धतीत याच्या उलट) घरभाडे भत्त्यावरील सूट नाही, याचा अर्थ तो भत्ता बंद झाला असा नव्हे; तो पूर्वीप्रमाणेच बँकेत जमा होतो, फक्त करपात्र उत्पन्नात पूर्णपणे धरला जातो. याउलट, एखादी सूट वाढली म्हणून मालक अधिक पैसे देत नाही. वाढते ती कापल्या न गेलेल्या कराची रक्कम. २०१८-१९ मध्ये दरमहा १,६०० रुपयांचा वाहतूक भत्ता आणि वर्षाला १५,००० रुपयांची वैद्यकीय प्रतिपूर्ती यांवरील सूट काढून ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, म्हणजे पगारातून सरसकट वगळली जाणारी रक्कम, देण्यात आली, तेव्हा करपात्र उत्पन्न जेमतेम ५,८०० रुपयांनी घटले आणि त्याच वर्षी कराच्या रकमेवर लागणारा उपकर तीनवरून चार टक्के झाला. गाजावाजा मात्र चाळीस हजारांचा झाला होता.

आता हिशेब मांडू. समजा, एकूण पगार दरमहा ९०,००० रुपये आहे : मूळ वेतन ४५,०००, घरभाडे भत्ता १८,००० आणि विशेष भत्ता २७,०००. वर्षाच्या १०,८०,००० रुपयांतून नव्या पद्धतीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वगळली की करपात्र उत्पन्न १०,०५,००० रुपये उरते. २०२४-२५ च्या दरांनी यावर उपकरासह ५२,७८० रुपये कर होता, म्हणजे महिन्याला सुमारे ४,४०० रुपये. २०२५-२६ मध्ये कलम ८७ए खालील सवलतीमुळे, जी बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील कर माफ करते, तो शून्य झाला. भविष्य निर्वाह निधीचे ५,४०० रुपये कापून हातात येणारा पगार अंदाजे ८०,२०० वरून ८४,६०० रुपयांवर गेला.

हीच व्यक्ती जुन्या पद्धतीत राहिली असती तर काय झाले असते? मडगावात ती १५,००० रुपये भाडे भरते असे धरू. भाडेसूट काढताना तीन रकमा घ्यायच्या आणि त्यांतील सर्वांत लहान निवडायची : प्रत्यक्ष भत्ता १८,०००, भाड्यातून मूळ वेतनाचे दहा टक्के वजा करून उरणारे १०,५००, आणि मूळ वेतनाचे चाळीस टक्के, म्हणजे पुन्हा १८,०००. मुंबईसारख्या महानगरांसाठीचे पन्नास टक्के गोव्यात कोठेही लागू होत नाहीत, हे मुंबईहून बदली होऊन आलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. (त्यांच्या पगारपत्रकावरील व्यवसायकराची ओळ मात्र येथे नाहीशी होते, कारण गोव्यात तो कर नाही.) वर्षाला १,२६,००० रुपयांची ही सूट, ५०,००० ची प्रमाणित वजावट, कलम ८०सीचे (भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा अशा बचतीसाठीचे) दीड लाख आणि आरोग्यविम्याचे २५,००० एवढे सगळे वजा करूनही कर ६०,६३२ रुपये येतो. या पगारावर जुन्या पद्धतीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, मग विम्याचा हप्ता कितीही नियमित भरलेला असो.

खरी अडचण सीमारेषेवर आहे. नव्या पद्धतीत वर्षाचा एकूण पगार १२,७५,००० रुपयांपर्यंत असेल तर कर शून्य. तो १२,८५,००० झाला तर सीमांत सवलतीमुळे कर वाढीव १०,००० रुपयांपुरता मर्यादित राहतो, परंतु त्यावर ४०० रुपये उपकर लागतो. म्हणजे दहा हजारांची पगारवाढ मिळूनही हातात चारशे रुपये कमी येतात. साधारणपणे १३,४५,००० पर्यंतची वाढ अशीच करात जाते. या पट्ट्यात येणाऱ्याने मालकाकडे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील मालकाच्या हिश्शाची मागणी करावी, कारण मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या चौदा टक्क्यांपर्यंतचा हा हिस्सा नव्या पद्धतीतही वजा होतो. एकूण १३,४०,००० पैकी ७०,००० रुपये या मार्गाने वळवले (त्यासाठी वर्षाचे मूळ वेतन निदान पाच लाख हवे) तर करपात्र उत्पन्न ११,९५,००० होऊन कर संपतो. न वळवल्यास ६७,६०० रुपये कर जातो. दोन्हींत हाती येणाऱ्या पगाराचा फरक वर्षाला अवघा २,४०० रुपयांचा असून सत्तर हजार स्वतःच्या खात्यात जमा राहतात. ते निवृत्तीपर्यंत बव्हंशी अडकून राहतात हे खरे. तरीही माझ्या मते या पट्ट्यात याहून चांगला उपाय नाही.

गोवेकर विवाहितांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी कार्यालयातील वेतन विभागाला अनेकदा माहीत नसते. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली जे पतिपत्नी येतात, म्हणजे ज्यांनी लग्नाआधी वेगळा करार केलेला नाही, त्यांचे पगाराखेरीज इतर सर्व उत्पन्न कलम ५ए नुसार दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावे राहतो. तो वाटून दाखवणे ही चूक आहे. उदाहरणार्थ, पतीचे वजावटीनंतरचे वेतन ११,८०,००० रुपये आहे, म्हणून कार्यालय काहीच कर कापत नाही. पत्नीच्या पणजीतील सदनिकेचे भाडे दरमहा २५,००० रुपये येते. वर्षाच्या तीन लाखांतून भाड्यावर मिळणारी सरसकट तीस टक्के वजावट काढून उरलेल्या २,१०,००० चा अर्धा भाग, म्हणजे १,०५,००० रुपये, पतीच्या उत्पन्नात येतो. करपात्र उत्पन्नच १२,८५,००० झाल्याने सवलत जाते आणि कर ७५,६६० रुपये होतो. ही रक्कम वर्षअखेरीस एकदम भरावी लागू नये म्हणून भाडे व ठेवींवरील व्याज एप्रिलमध्येच कार्यालयाला कळवावे किंवा आगाऊ कर भरावा. विवरणपत्रात या विभागणीसाठी स्वतंत्र अनुसूची आहे, ती भरल्याशिवाय आकडे जुळत नाहीत.

कार्यालय वर्षाच्या अंदाजित कराची रक्कम महिन्यांत वाटून कापते, म्हणून माहिती जितकी उशिरा द्याल तितके उरलेले हप्ते मोठे होतात. कोणती पद्धत हवी हे न कळवल्यास नवी पद्धत गृहीत धरली जाते. जुनी निवडून भाडेपावत्या दिल्या नाहीत, तर शिगम्याच्या तोंडावरच पगार निम्म्यावर येण्याची वेळ येते. वार्षिक भाडे एक लाखाहून अधिक असेल तर घरमालकाचा पॅन क्रमांक लागतो, आणि आपल्याकडे कित्येक घरमालक तो देण्यास राजी नसतात. म्हणून तो भाडेकरारातच लिहून घ्यावा.

एप्रिलमधील निवड चुकली तरी धंद्याचे उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला विवरणपत्र भरताना पद्धत बदलता येते आणि जास्त कापलेला कर परत मिळतो. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. मुदत उलटली की जुनी पद्धत त्या वर्षापुरती निवडता येत नाही.