या चुका टाळा: न काढलेले इलेक्ट्रॉनच घात करतात

ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वह्या तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बंधांच्या रेघा सगळेच नीट काढतात, पण लोन पेअरचे (बंधात न वापरलेल्या इलेक्ट्रॉन-जोडीचे) ठिपके 'ते काय, असतातच' म्हणून सोडून देतात. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच असतं.

नायट्रोमिथेन (CH₃–NO₂) घ्या. नायट्रोजनला दोन्ही ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडले की आकृती सुबक दिसते. व्हॅलन्स, म्हणजे बाहेरच्या कवचातले, इलेक्ट्रॉन मोजा: कार्बनचे ४, तीन हायड्रोजनचे ३, नायट्रोजनचे ५, दोन ऑक्सिजनचे १२, एकूण २४. या चुकीच्या आकृतीतही २४च भरतात, म्हणून तर ती खपून जाते! एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका, प्रत्येक अणूभोवती वेगळं मोजा. नायट्रोजनभोवती पाच बंध, म्हणजे १० इलेक्ट्रॉन. त्याच्या बाहेरच्या कवचात एक २एस आणि तीन २पी अशी चारच ऑर्बिटल्स आहेत, त्यांत ८ मावतात. उरलेले दोन ठेवणार कुठे?

म्हणून एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने, दुसरा एकेरी. मग फॉर्मल चार्ज (प्रत्येक अणूच्या वाट्याला हिशेबाने येणारा प्रभार) काढा: व्हॅलन्स इलेक्ट्रॉनमधून लोन पेअरमधले इलेक्ट्रॉन आणि बंधांची संख्या वजा करा. नायट्रोजन ५ − ० − ४ = +१, एकेरी बंधाचा ऑक्सिजन ६ − ६ − १ = −१. इथे घाईत तीन लोन पेअर 'तीन' म्हणून धरल्या जातात. त्या सहा आहेत, कारण आपण इलेक्ट्रॉन मोजतोय.

दुहेरी बंध कोणत्या ऑक्सिजनकडे, असा प्रश्न लगेच येतो. दोन्ही आकृत्या चालतात, पण रेणू एकीतून दुसरीत उड्या मारत नसतो. प्रत्यक्षात नायट्रोजन-ऑक्सिजनचे दोन्ही बंध सारख्याच लांबीचे असतात. बेंझिनचंही तेच: सहाही कार्बन-कार्बन बंध सुमारे १३९ पिकोमीटर, एकेरीच्या १५४ आणि दुहेरीच्या १३४ यांच्या मधे. एकाच रेणूच्या अशा अनेक आकृत्या म्हणजे रेझोनन्स, म्हणून त्यासाठी एकच दुटोकी बाण काढायचा. उलटसुलट दोन बाण काढलेत तर तुम्ही समतोल, म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांतली उलटसुलट अभिक्रिया, लिहिलात.

वाकड्या बाणाची (इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणाऱ्या) चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण ती एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो, म्हणजे लोन पेअरपासून किंवा बंधापासून. हायड्रोजन आयनपासून बाण निघूच शकत नाही, त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत. बाण पोचतो कुठे, हेही तितकंच बघायला हवं. ॲसिटोनच्या ऑक्सिजनवर प्रोटॉन बसला की त्या ऑक्सिजनवर + येतो, आणि पाण्याचा बाण सरळ त्या + कडे नेला जातो. पण त्या ऑक्सिजनचं अष्टक (आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण आहे: तीन बंध, एक लोन पेअर. आणखी एक जोडी दिलीत तर पुन्हा १०. पाण्याची जोडी कार्बनकडे जाते आणि त्याच वेळी पाय बंध (दुहेरी बंधातला दुसरा बंध) ऑक्सिजनवर सरकतो. फॉर्मल चार्ज हा हिशेबाचा आकडा आहे, रिकामी जागा दाखवणारी पाटी नव्हे.

दुहेरी बंध एकेरीच्या दुप्पट मजबूत, हा समजही सोडा. कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण ३५० किलोज्यूल प्रति मोल, दुहेरी साधारण ६१०. पाय बंध सिग्मापेक्षा (दुहेरी बंधातल्या पहिल्या बंधापेक्षा; एकेरी बंध हा सिग्माच) कच्चा असतो, म्हणून अल्कीनमध्ये (कार्बन-कार्बन दुहेरी बंधाच्या रेणूत) आधी तोच तुटतो.

शेवटी हायब्रिडायझेशन, म्हणजे अणूची एस आणि पी ऑर्बिटल्स मिसळणं. सिग्मा बंध आणि लोन पेअर मोजायचे, चार आले तर एसपी३ (एक एस, तीन पी): मिथेन, अमोनिया, पाणी यांना हा नियम चालतो. अमाइडच्या नायट्रोजनला लावलात की फसता. तीन सिग्मा, एक लोन पेअर, तरी तो एसपी२ धरावा लागतो, कारण ती जोडी शेजारच्या कार्बोनिलच्या (C=O) पाय बंधात मिसळलेली असते. त्यामुळेच अमाइडचा तो भाग जवळजवळ सपाट असतो, आणि आम्लात प्रोटॉन नायट्रोजनवर न बसता मुख्यतः ऑक्सिजनवर बसतो. तेव्हा चार मोजून झाले तरी 'एसपी३' लिहिण्याआधी शेजारच्या अणूवर पाय बंध आहे का, तेवढं बघा.