घरातले पहिलेच कॉलेजला, आणि तेही गोव्यात

सिंधुदुर्गातून, चंदगड-बेळगावच्या बाजूने, अधूनमधून थेट लातूर-नांदेडहूनही दर पावसाळ्याच्या तोंडावर पोरं गोव्यात शिकायला येतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नसतं. मी त्यातलीच. दोडामार्ग तालुक्यातली. ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एमए केलं, नोकरी इथेच लागली, संसारही इथेच मांडला. आता कुणाच्या मावशीकडून, कुणाच्या एसटीतल्या ओळखीतून नंबर मिळवून नवी पोरं फोन करतात. हॉस्टेल मिळेल का, मेसला किती लागतात, कोकणी यायलाच हवी का, हे प्रश्न ठरलेले. त्यांतल्या काहींची उत्तरं पुढे देतेच, पण कोणी विचारत नाही ते आधी सांगते.

विद्यापीठात मदत बऱ्यापैकी आहे. फक्त ती मागावी लागते, आणि मागायला आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. आपल्या घरातली शिकवण म्हणजे कोणाला त्रास देऊ नये, सरांसमोर फार बोलू नये, आपला अभ्यास भला नि आपण भले. ज्यांचे आईवडील शिकलेले, त्यांना फॉर्म कुठे अडतो, कोणाला भेटायचं, मुदत टळली तर विनंती अर्ज कसा करायचा, हे जेवताना कानावर पडलेलं असतं. आपल्या घरी जेवताना काजू कितीने गेला यावर बोलणं होतं. हुशारीत फरक नसतो, पण पहिल्या सत्रात तो दिसतो आणि आपण समजतो की आपणच कमी.

म्हणून पहिल्या महिन्यात, काहीही काम नसताना, चार दारं बघून या. तुमच्या विभागाचं ऑफिस, परीक्षा विभागाची खिडकी, विद्यार्थी कल्याणाचं ऑफिस आणि ग्रंथालयाचा काउंटर. नाव सांगा, कुठल्या गावचे ते सांगा, 'शिष्यवृत्तीचं काम कोण बघतं?' एवढं विचारा आणि निघा. गोव्यात 'खंयचो तू?' या प्रश्नाला फार महत्त्व आहे. एकदा गाव कळलं की समोरचा कोणी तरी सोयरा दोडामार्गात, बांद्यात नाही तर सावंतवाडीत काढतोच. मग तुमचा अर्ज कोणाचा तरी अर्ज होतो. याला वशिला म्हणू नका, ओळख म्हणा. वशिल्याने नियम मोडतात, ओळखीने नियम नीट समजतो.

अर्ज कसलाही असो, दोन प्रती काढा. एक तिथे द्यायची, दुसरीवर 'मिळाला'चा शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. एका कार्यालयात माझा एक अर्ज चक्क नाहीसा झाला होता आणि खिडकीपलीकडचे गृहस्थ 'तुम्ही दिलाच नाही' यावर ठाम होते. शिक्क्याची प्रत पुढे केल्यावर तो दहा मिनिटांत सापडला. त्यात त्यांचं काही वैर नव्हतं, टेबलावर कागदांचा ढीगच तसा असतो.

शिष्यवृत्तीत आपली पोरं सर्वात जास्त गोंधळतात, म्हणून इथे जरा थांबते. महाराष्ट्रातल्या जातीच्या दाखल्यावर गोव्याच्या राज्य आरक्षणाचा लाभ मिळत नाही. पण केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, त्या राज्यामार्फत मिळते. म्हणजे तुम्ही शिकता गोव्यात, पण विचारायचं आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर आणि इथल्या विद्यापीठाचं बोनाफाइड लागतं. पहिले तीन तहसीलमधून गाव सोडायच्या आधीच काढून ठेवा, नंतर एकेका दाखल्यासाठी घरच्यांना रोज बुडवून खेपा घालाव्या लागतात. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, हेही बघा. पैसे मंजूर होऊनही खात्यात न आलेली पोरं मी पाहिली आहेत, कारण आधार जोडलेलं होतं ते भलत्याच जुन्या खात्याला. गोवा सरकारच्या स्वतःच्या बऱ्याच योजनांना मामलेदाराकडचा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तो तुमच्याकडे नसणार, तेव्हा त्या रांगेत दिवस घालवू नका. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल मात्र दर वर्षी उघडून बघा.

आता जागेबद्दल. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. पठारावरचा परिसर ४०० एकरांहून मोठा, इमारतींचा आराखडा चित्रकार सतीश गुजराल यांचा. पहिल्या आठवड्यात तुम्ही हरवणार, कारण कॉरिडॉर सगळे सारखेच वाटतात. हॉस्टेलच्या जागा थोड्या असतात, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच अर्ज टाका. नाही मिळालं तर ताळगाव, सांताक्रूझ, बांबोळी, करंझाळे या पट्ट्यात दोघा-तिघांनी मिळून खोली बघा. डोंगरावरची खोली स्वस्त दिसते, पण खाली बस कुठे थांबते ते बघूनच हो म्हणा. घरमालक पोलिसांकडचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरून मागेल, त्यात वेगळं काही नाही. डिपॉझिटची पावती घ्या.

पणजीच्या कदंबा, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्टँडवरून बस मिळतात, दिवसा ठीक. अंधार पडला की गाड्या विरळ होतात, ओला-उबरवर विसंबू नका. घाई असेल तर पायलट, म्हणजे मोटरसायकलवाला, भाडं आधी ठरवून. कदंबाचा पास लगेच काढा. पावसात पठारावर छत्री उलटी होते, रेनकोटच घ्या आणि चामड्याच्या चपला गावीच ठेवून या.

खाण्यापिण्याचं आपल्याला जड जात नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, गरम पाव घ्यायचे. इथे हॉटेलात पावभाजी मागाल तर मुंबईची येणार नाही, पातळभाजी नाही तर सुकी भाजी आणि पाव येईल. स्वस्त आणि पोटभर. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळा गोवा आपापल्या गावी जातो, मेस आणि हॉटेलं बंद, तेव्हा तुम्हीही घरी जा.

भाषेचं दोन भागांत सांगते. वर्ग इंग्रजीत चालतात. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले दोन महिने डोक्यावरून जातं, हे ठरलेलं आहे. तेव्हा गप्प बसलात तर पुढेही गप्पच बसाल. तास संपल्यावर सरांना गाठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत, नाही तर सरळ मराठीत विचारा. इथल्या बऱ्याच प्राध्यापकांना मराठी उत्तम येतं, काहींचं तर प्राथमिक शिक्षणच मराठी शाळेत झालेलं आहे. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव ज्या सरकारी शाळा निघाल्या, त्या मराठी माध्यमाच्या होत्या. त्या पिढीतल्या लोकांशी बोललात तर कळेल की घरातला पहिला शिकणारा असणं म्हणजे काय, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नापास व्हायची वाट न बघता सत्र परीक्षेच्या आधीच्या चाचण्यांचे, इथे ज्याला आयएसए म्हणतात त्याचे, मार्क मनावर घ्या. पोरं त्याला किरकोळ समजतात आणि शेवटी तिथेच घसरतात. ७५ टक्के हजेरीचंही तसंच.

दुसरा भाग कोकणीचा. मालवणी येत असेल तर महिन्याभरात कळू लागेल, बोलायला थोडा वेळ लागेल, लोक हसतील पण मायेने. मात्र कँटीनमध्ये बसून 'कोकणी ही मराठीचीच बोली' हे वाक्य टाकू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १९६७चा जनमत कौल, १९८७चा राजभाषा कायदा, ही इथल्या घराघरांतली जुनी जखम आहे आणि दोन्ही बाजूंची माणसं तुमच्याच वर्गात बसलेली असतात. त्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. तुम्ही दोन वर्षांसाठी आलात, तो वाद ज्यांचा त्यांना घालू द्या. मराठी वाचनाची भूक लागली तर पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मुळात १८३२ सालचं. तिथे बसून वाचायला काही पडत नाही. खोलीत सहाजण झोपत असतील तर अभ्यासाचीही तीच जागा.

मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या घरच्यांचा ठाम समज असतो की शिकायला पाठवलंय, नाचायला नाही. त्यामुळे आपली पोरं तास संपला की खोलीवर. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) नको, विद्यार्थी मंडळ नको, चर्चासत्राला नुसतं मागच्या बाकावर. मला हे साफ नापसंत आहे, आणि कारण अगदी रोकडं आहे. विद्यापीठात कामाची बातमी नोटीस बोर्डावर लागते तेव्हा बहुधा ती शिळी झालेली असते. कुठल्या प्रकल्पावर सहा महिन्यांसाठी पोरं हवीत, कोणत्या सरांकडे सर्वेक्षणाचं मानधनाचं काम आहे, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत इंटर्नशिपसाठी कोणाला लिहायचं, हे खुर्च्या मांडताना, बॅनर बांधताना, चहा वाटताना कळतं.

माझंच घ्या. विभागात एक चर्चासत्र होतं आणि मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं, फाइली वाटायला. बाहेरून आलेल्या एक प्राध्यापक बाई फाइल घेताना थांबल्या, गाव विचारलं. मी दोडामार्ग म्हटल्यावर त्यांनी लगेच तिळारीचं काढलं. धरण आमच्या तालुक्यात, प्रकल्प महाराष्ट्र आणि गोव्याचा मिळून, कालव्याचं पाणी गोव्याकडे, आणि उठवलेली गावं आमची. त्या उभ्या उभ्या अर्धा तास विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिले, मागे रांग लागली तरी. आमच्या घरी रोजची कटकट म्हणून जे बोललं जायचं, तो एमएच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यावरच मी प्रबंध लिहिला, आणि मुलाखतीत त्याच्यावरच प्रश्न आले. टेबलावर दुसरी कोणी बसली असती तर तिला दुसरं काही मिळालं असतं. टेबलावर बसायला हवं, एवढंच.

तेव्हा एक गोष्ट धरा, एकच. एनएसएस असेल तर वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं शिबिर. ते अभ्यासात सहज बसतं, आणि शिबिरात गोव्याचे आतले गाव दिसतात. पोरांना गोवा म्हणजे कळंगुट वाटतं, पेडणे-सत्तरी-काणकोण त्यांनी पाहिलेलं नसतं. नाटकाचं वेड असेल तर मराठी नाटकाला इथे मरण नाही, कला अकादमीच्या स्पर्धेपासून गावच्या जत्रेपर्यंत. कवी बाकिबाब बोरकर, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या नावाने विद्यापीठात अध्यासनं आहेत. त्यांवर बाहेरची नामांकित माणसं येऊन शिकवतात, तुमचा विषय नसला तरी जाऊन बसा. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीचं माझं मत मात्र वेगळं आहे. सीआर, म्हणजे वर्ग प्रतिनिधी, व्हा, त्यात वर्ग आणि ऑफिस दोन्ही कळतं. त्यापुढच्या राजकारणात पहिल्या वर्षी शिरू नका. तिथे बाहेरचे हात असतात आणि पोरांचं वर्ष जातं.

पार्टटाइम काम मिळतं. पणजीत दुकानं, केटरिंग, हॉटेलांची रिसेप्शनं आहेत. पैसा हातात येतो, घरी दोन हजार पाठवता येतात, आणि मग हळूहळू सकाळचे तास सुटू लागतात. रात्रपाळी घेऊ नका, कॅसिनोची तर नकोच.

तब्येतीचं. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ, हाकेच्या अंतरावर आहे, पण गोव्याबाहेरच्यांना तिथे काही उपचारांना शुल्क पडतं, आधारवरचा पत्ता बघतात. विद्यापीठाचं ओळखपत्र खिशात ठेवा. आणि मन लागत नसेल, झोप उडाली असेल, रडू येत असेल, तर त्याला नाटक समजू नका. कॅम्पसवर समुपदेशक कोण ते विद्यार्थी कल्याणात विचारा. तिथे जायला लाज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. घरी 'लोक काय म्हणतील' म्हणतील. घरी आधी सांगायलाच हवं असं नाही. रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२, आणि आधी वॉर्डन.

शेवटचं घरच्यांबद्दल. आपण काय शिकतो हे त्यांना सांगता येत नाही म्हणून पोरं हळूहळू सांगणंच सोडतात. फोनवर 'जेवलास?' 'हो' इतकंच उरतं. एकदा त्यांना इथे घेऊन या. मी बाबांना आणलं तेव्हा ते विभागाच्या दारातच चपला काढू लागले, तर आमच्या मॅडमनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि काजूच्या भावावर गप्पा मारत बसल्या. त्यानंतर बाबांनी माझ्या लग्नाची घाई दोन वर्षं केली नाही. आणताना कामाच्या दिवशी आणा, रविवारी विभागांना कुलूप असतं. सरांना आदल्या दिवशी कल्पना द्या, आणि संध्याकाळी घरच्यांना पणजीहून म्हापशाची बस उजेडातच धरून द्या, म्हणजे पुढची दोडामार्गची गाडी चुकणार नाही.