क्वीन्समध्ये आलात? दुपारी तीननंतरचा विचार आधी करा

न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात, एल्महर्स्ट, जॅक्सन हाइट्स, वुडसाइड या पट्ट्यात भाड्याने घर घेतलेलं नवं मराठी कुटुंब भेटलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: शाळा कशी आहे आणि 74व्या रस्त्यावर पोहे-शेंगदाणे मिळतात का. शाळेचं उत्तर मी देते, पोहेही मिळतात. पण तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून तो मीच विचारते. इथल्या सरकारी शाळा अडीच-तीनला सुटतात. तुम्ही दोघं मॅनहॅटनमधून सहा-साडेसहाला घरी पोचणार. मधल्या तीन तासांत मूल कुठे असेल?

तिकडे भारतात या वेळेला आजी असते, शेजारच्या काकू असतात, वाड्यात किंवा सोसायटीत दहा पोरं असतात. इथे बंद दार आणि टॅब असतो. मूल किती वर्षांचं झालं की घरी एकटं ठेवावं, याचं ठरावीक वय न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण काही घडलं तर जबाबदारी तुमच्यावरच येते. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात किल्ली अडकवून त्याला घरी पाठवायचा विचार करत असाल तर मनापासून सांगते, करू नका. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या, वस्तीतल्या युवा केंद्राचं दार ठोठावा.

अशी केंद्रं ना-नफा संस्था चालवतात. पैसा बराचसा शहराच्या युवा आणि समुदाय विकास खात्याकडून येतो, बाकीचा देणग्यांतून. लहान इयत्तांसाठी ‘कंपास’, सहावी ते आठवीसाठी ‘सॉनिक’ आणि शाळांच्याच इमारतींत संध्याकाळी, शनिवारी चालणारी ‘बीकन’ केंद्रं ही नावं लक्षात ठेवा. शहराच्या पैशावर चालणाऱ्या या कार्यक्रमांना पालकांकडून फी घेतली जात नाही. खासगी ठिकाणी याच तीन तासांसाठी महिन्याला कित्येक शे डॉलर मोजावे लागतात.

आणि इथेच आपली माणसं अडतात. ‘फुकट आहे म्हणजे गरिबांसाठी असणार, आपण कशाला कुणाची जागा अडवायची?’ हे मी इतक्या चांगल्या, विचारी घरांतून ऐकलं आहे की त्याबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं. हे दानधर्माचं ताट नाही. वस्तीतलं प्रत्येक मूल यावं म्हणूनच शहर हा पैसा देतं, आणि तुमच्या पगारातून शहराचा कर कापला जातोच. जागा कमी असतील तर कोणाला आधी घ्यायचं ते केंद्र ठरवेल. तुम्ही अर्ज भरा.

आपल्या भागातलं उदाहरण देते. ‘साउथ एशियन युथ अॅक्शन’, सगळे ‘साया’ म्हणतात, ही संस्था 1996 साली एल्महर्स्टमध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापक सायू भोजवानी पुढे 2002 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पहिल्या स्थलांतरित-विषयक आयुक्त झाल्या. दक्षिण आशियाई घरांतली किशोरवयीन मुलं शाळा आणि घर यांच्यामध्ये एकटी पडत होती, त्यांच्यासाठी हे दार उघडलं गेलं. आता तिथे सगळ्या समाजांची मुलं येतात, आणि संस्थेचे कार्यक्रम शहरातल्या शाळांतही चालतात. अभ्यासात मदत, कॉलेजच्या अर्जांची तयारी, नेतृत्वाचे गट, बास्केटबॉल असं बरंच काही तिथे चालतं.

बास्केटबॉल म्हटलं की मुंबईकरांना नागपाडा आठवायला हवा. तिथलं नेबरहूड हाऊस, म्हणजे वस्तीतल्या मुलांसाठी आणि घरांसाठी खुलं केंद्र, 1920च्या दशकात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेने उभं केलं, आणि बास्केटबॉल तिथेच रुजलं. त्याचे संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट पुढे 1936 साली, आज आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो तिचे पहिले संचालक झाले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला 1886 मध्ये ‘युनिव्हर्सिटी सेटलमेंट’ सुरू झालं ते याच विचाराने: नव्याने आलेल्यांच्या वस्तीतच घर घ्यायचं आणि मुलांसाठी, आयांसाठी ते उघडं ठेवायचं. त्यामुळे युवा केंद्र ही ‘अमेरिकन फॅड’ आहे असं घरी कुणी म्हणालं, तर नागपाड्याच्या गल्ल्यांत आजही बास्केटबॉल का खेळतात ते सांगा.

आता मूल तिथे नेमकं काय मिळवतं ते बघा. मी ज्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसते, तिथे गृहपाठाचं एक लांब टेबल आहे. मागे नाशिकहून आलेला पाचवीतला एक मुलगा रोज तिथे वही उघडायचा आणि थोड्या वेळाने मिटायचा. गणितात तो पक्का होता. पण आपण भागाकार मांडताना भाजक डावीकडे, भाज्य मध्ये आणि भागाकार उजवीकडे लिहितो. इथे तो भाज्याच्या डोक्यावर लिहितात. त्याने सव्वा लाख लिहिताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने 1,25,000 असा दिला होता, त्यावर लाल रेघ. उत्तर बरोबर, मांडणी ‘चूक’. शाळेतल्या बाईंना तीस मुलांमध्ये हे उलगडायला वेळ मिळाला नव्हता. टेबलावरची कॉलेजात शिकणारी बांगलादेशी ताई त्याच्या शेजारी बसली, दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी लिहिल्या आणि म्हणाली, ‘माझ्या आईनेही मला तुझ्यासारखंच शिकवलं होतं.’ त्यानंतर वही मिटली गेली नाही. काही आठवड्यांनी तोच मुलगा एका इक्वेडोरच्या मुलाला भागाकाराची आपली पद्धत शिकवत होता.

ती ताई मला फार महत्त्वाची वाटते. आईवडील नाही, शिक्षकही नाही, पण वयाने थोडी मोठी आणि आपल्याच रस्त्याने पुढे गेलेली. आपल्या मुलांना अशी माणसं मिळायला हवीत. मराठी मंडळाचा गणपती, रविवारची मराठी शाळा हे सगळं हवंच, मी स्वतः त्यात असते. पण तिथे भेटणारी घरं आपल्यासारखीच असतात. मूल रोज ज्या रस्त्यावरून चालतं तिथली नेपाळी, तिबेटी, कोलंबियन मुलं त्याला शनिवार-रविवारी भेटत नाहीत. ती तीन ते सहामध्ये भेटतात.

अर्जाबद्दल सांगते. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांनी भरलेला आरोग्याचा फॉर्म तयार ठेवा. मुलाला न्यायला कोण येणार त्यांची यादी देताना नावं ओळखपत्रावर जशी आहेत तशीच लिहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव कधी पुढे कधी मागे. यादीत ‘सुमन आजी’ आणि पासपोर्टवर पूर्ण तीन नावं असली की दारावरचा माणूस मूल सोडणार नाही, आणि त्याने सोडूही नये. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांची नावं आधीच घाला. मोठ्या मुलांना एकटं घरी जायची परवानगी द्यायची असेल तर ती लेखी द्यावी लागते. शाकाहारी असाल तर फॉर्मवर ‘मांस, मासे, अंडी, जिलेटिन नको’ असं सविस्तर लिहा. नुसतं ‘व्हेज’ लिहिलं तर खाऊच्या वेळी जिलेटिनचा मार्शमॅलो हातात येतो.

केंद्राकडे राज्याची शालेय वयाच्या बालसंगोपनाची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. नोंदणी असेल तर कर्मचाऱ्यांचे बोटांचे ठसे घेऊन पूर्वतपासणी झालेली असते आणि दहा वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं लागतं. एकदा संध्याकाळी जाऊन बघा. मुलांशी कोण कसं बोलतंय हे पाच मिनिटांत कळतं, माहितीपत्रकात ते नसतं.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. इथले शिक्षक आणि अशा नोंदणीकृत कार्यक्रमांतले कर्मचारी मुलाला मारहाण किंवा हेळसांड होत असल्याचा वाजवी संशय आला तर राज्याला कळवायला कायद्याने बांधलेले असतात. ‘घरी गेल्यावर आई मारेल’ हे आपल्याकडे मुलं सहज बोलून जातात, इथे ते वाक्य कानावर पडलं की चौकशी सुरू होऊ शकते. कर्मचारी तुमच्याविरुद्ध नसतात, ते त्यांचं काम करतात. पण हात उगारायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडून या, कायद्याच्या भीतीने नाही, मुलासाठी.

मुलं कर्मचाऱ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात याचा सुरुवातीला धक्का बसतो. तो उद्धटपणा नव्हे.

चौदा वर्षांपुढची मुलं असतील तर शहराच्या उन्हाळी रोजगार कार्यक्रमाबद्दल ऐकाल. 14 ते 24 वयाच्या मुलांना सुट्टीत काही आठवडे पगारी काम मिळतं, अर्ज हिवाळ्यात निघतात, बहुतेक जागा लॉटरीने भरतात. पण कामाचा परवाना आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो, आणि तुमचं मूल एच-4 व्हिसावर (नोकरीच्या एच-1बी व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर त्याला ते दोन्ही नसतं. वर्गातल्या सगळ्या मित्रांना पहिला पगार मिळतो आणि आपलं मूल घरी बसतं, हे त्या वयात खूप लागतं. जानेवारीतच त्याला नीट समजावून सांगा, मित्रांकडून कळू देऊ नका. केंद्रात विनावेतन स्वयंसेवा करता येते का ते विचारा. लहान मुलांना वाचून दाखवणं, खेळाचे गुण मांडणं अशी कामं असतात, तासांचं प्रमाणपत्र मिळतं आणि कॉलेजच्या अर्जात ते उपयोगी पडतं. काही शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप गटाला नाही.

वेळेचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिकडच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपवून तुम्ही मे महिन्यात येता. इथे शाळा जूनच्या शेवटापर्यंत असते, मग सप्टेंबरपर्यंत सुट्टी. म्हणजे जेमतेम काही आठवडे वर्गात बसून मूल दोन महिने मोकळं होतं, ओळख कुणाशीच नाही. उन्हाळी कार्यक्रमांच्या जागा वसंतातच भरू लागतात. तुम्ही भारतात सामान बांधत असतानाच केंद्राला ईमेल करा, पत्ता पक्का नसेल तरी प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं का ते विचारा. शहराचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि दर वसंतात या कार्यक्रमांचा पैसा राहणार की कापला जाणार यावर वाद होतो. केंद्राने पालकांना नगरसेवकाला पत्र लिहायला सांगितलं तर लिहा. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही, वस्तीत राहणं पुरेसं आहे. आणि कंपनीत रुजू झालात की एचआरला विचारा, कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी भर कंपनी घालते का. बऱ्याच कंपन्या घालतात, आणि आपली बरीच माणसं तो फॉर्म कधी भरतच नाहीत.