भजनी मंडळात प्रजनन हक्कांचा विषय कसा मांडावा

पंचवटीतील एखाद्या भजनी मंडळात हा विषय काढायचा असेल, तर आरंभ कायद्यापासून न करता संत सोयराबाईंपासून करावा. देहाच्या विटाळाची कल्पनाच त्यांनी अभंगातून खोडून काढली असल्याने मासिक पाळीविषयीचे बोलणे श्रोत्यांना परके वाटत नाही. मंडळातील ज्येष्ठ बाईंना आधी घरी भेटावे (चहा नाकारू नये). मुलामुलींसाठी वयानुरूप माहितीची बैठक पालकांना पूर्वकल्पना देऊनच ठेवावी. गर्भपाताबाबत मात्र मोघम बोलू नये: १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान, निर्णयक्षम स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची सही लागत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातील कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एकाच नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, हे स्पष्ट सांगावे.