वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रकचे जाम झालेले इंजिन सोडवताना

तेल संपल्यामुळे चालता चालता जाम झालेले इंजिन आणि नुसते उभे राहून जाम झालेले इंजिन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात धातूवर धातू घासून बेअरिंग आणि पिस्टन खरवडलेले असतात, त्यामुळे ते पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नसते. दुसऱ्यात बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये गंज धरलेला असतो. इंजिन कुठेही थांबले तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि सायलेन्सरच्या वाटेने दमट हवा आत शिरते. म्हणूनच सहापैकी एक-दोन सिलिंडरच अडलेले आणि बाकीचे ठीक, असे पुष्कळदा आढळते. हा गंज तेलाने आणि सवडीने सुटतो, बळजबरीने नाही.

पाना हाती घेण्यापूर्वी इंजिन खरोखरच जाम आहे का, याची खात्री करावी. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि बॅटरीच्या तारा काढाव्यात. फॅनबेल्ट सोडून पाहावा, कारण कधी कधी अडलेला असतो तो अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंप. स्टार्टरचा दाता फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकून बसला असेल, तर स्टार्टर उतरवताच इंजिन मोकळे होते. डिपस्टिक काढून तेल बघावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजून पुढचे प्रत्येक पाऊल जपून टाकावे.

ट्रक दुसऱ्या गाडीने ओढून, गिअर टाकून इंजिन फिरवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. चाकांकडून येणारा जोर एका अडलेल्या पिस्टनवर एकवटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा रिंगा मोडतात. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचले असेल, तर ते दाबले जात नसल्यामुळे नुकसान आणखी वाढते.

आता सर्व इंजेक्टर, आणि पेट्रोल इंजिन असल्यास स्पार्क प्लग, काढून घ्यावेत. तत्पूर्वी भोवतालची धूळ झटकून साफ करावी, नाहीतर तीच आत पडते. प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टनचा माथा पूर्ण बुडेल इतके भेदक तेल (गंजाच्या फटींत झिरपणारे पातळ तेल) सोडावे. तयार तेल चालते; ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात घेतलेले मिश्रणही अनेक जण वापरतात. ही दोन नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतण्याआधी बाटली दर वेळी हलवावी. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेते आणि रंग व रबर खराब करते, तेव्हा हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर आणि हातमोजे घालून करावे. पहिल्या दिवशी इंजिन हलवूच नये. दुसऱ्या दिवशी बारीक तार सोडून पातळी बघावी: तेल खाली उतरले असेल तर ते रिंगांमधून झिरपू लागले आहे आणि ही चांगली खूण आहे, कमी झाले तितके पुन्हा भरावे. आठवडाभर हाच क्रम ठेवणे म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे. बहुतेक मोडतोड याच आठवड्याच्या घाईत होते.

त्यानंतर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या पुलीवर आणि तिच्या शेजारच्या कव्हरवर खडूने एकमेकींसमोर दोन रेघा ओढाव्यात. पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून, तो बोल्ट घट्ट होईल त्याच दिशेने सावकाश आणि सलग दाब द्यावा. झटका देऊ नये. उलट दिशेला बोल्ट ढिला होतो, म्हणून मागे फिरवायचे असल्यास फ्लायव्हीलच्या दात्यांना टॉमी (लोखंडी दांडा) लावावी. डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला काही जाणवत नाही, आणि एका सकाळी त्या दोन रेघांमध्ये केसभर अंतर पडलेले असते. तिथेच थांबावे. तेवढेच मागे आणावे, पुन्हा तेल द्यावे, मग पुढे-मागे करत हे अंतर वाढवत न्यावे.

पिस्टन हलू लागला की रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकण, काढून व्हॉल्व्हकडे पाहावे. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये (त्याची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) चिकटून खालीच राहिला असेल, तर वर येणारा पिस्टन त्याला धडकतो. त्याच्या दांडीवर तेल सोडून, लाकडी हातोडीने हलके ठोकून तो वर-खाली मोकळा होईपर्यंत इंजिन पुढे फिरवू नये.

दोन-तीन आठवड्यांतही काही हलले नाही तर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग, उतरवावे. पिस्टनच्या वर सिलिंडरला गंजाचे कडे दिसेल. ते एमरी कागदाने घासून काढावे आणि मगच पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. ओला लायनर (बाहेरून थेट थंड करणारे पाणी लागणारी, सिलिंडरची वेगळी नळी) असलेल्या इंजिनात जोराने ठोकल्यास लायनरच जागचा हलतो आणि खालच्या रबरी रिंगा निकामी होऊन पाणी तेलात उतरते.

इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे अडथळ्याविना फिरले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे चारही स्ट्रोक झाले. आता जुने तेल व फिल्टर बदलावेत, डिझेलची टाकी व फिल्टर स्वच्छ करावेत. मग इंजेक्टर न बसवता, भोकांवर जाड फडके टाकून आणि स्वतः बाजूला उभे राहून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. आत उरलेले तेल जोराने बाहेर उडते. इंजेक्टर नव्या तांब्याच्या वायसरांसह बसवून, इंधनातील हवा काढून इंजिन सुरू करताना एक जाड फळी इंजिन हवा आत घेते त्या तोंडाशी तयार ठेवावी, कारण उरलेल्या तेलावर डिझेल इंजिन बेफाम पळाले तर हवा बंद करणे हाच उपाय असतो. सुरुवातीला पांढरा धूर येईल. काही मिनिटे मंद चालवून बंद करावे आणि ते तेल गरम असतानाच पुन्हा काढून टाकावे.