टू हंड्रेड की टू हंड्रेड्स?

इंग्रजीत हंड्रेड, थाउजंड, मिलियन, डझन यांच्या आधी नेमका आकडा आला की त्यांना एस लावू नका. ‘टू हंड्रेड बुक्स’, ‘फाइव्ह थाउजंड पीपल’ हेच बरोबर. अनेकवचन पुस्तकांचं होतं, हंड्रेडचं नाही. संख्या मोघम असेल तेव्हा मात्र एस येतो आणि मागोमाग ‘ऑफ’ही: ‘हंड्रेड्स ऑफ बुक्स’. अडलात तर सरळ मराठीत बोलून बघा. ‘हजारो माणसं’ म्हणतो, पण ‘पाच हजारो माणसं’ कधीच म्हणत नाही ना? मला हा पडताळा कुठल्याही नियमापेक्षा भरवशाचा वाटतो. ‘सेव्हरल’ आणि ‘अ फ्यू’ तेवढे लक्षात ठेवा: अर्थ मोघम असला तरी ‘सेव्हरल हंड्रेड बुक्स’च.